सादिया मागं वळते का

१२ डिसेंबर

मृणाल मॅडमनी दिलेली वही लय चांगली हाय. जाड पुठ्ठा, आत गुळगुळीत कागद. तिच्यात लिहायचं म्हटलं की माझा हात आखडतो. मी सहावीपर्यंत शिकले, ती पण अर्धी. म्हणून शाळेत करायचो तसं करायचं ठरवलं. आधी कच्च्या वहीत लिहायचं, मग त्यातलं बरं दिसेल तेवढं पक्क्या वहीत उतरवायचं. ही कच्ची वही माझ्या दिराची, तबरेजची. पुढच्या पानांवर त्यानं गावच्या क्रिकेटचे आकडे लिहिलेत, बाकी कोरी हाय.

मॅडम मुंबईच्या विद्यापीठातनं आल्यात, श्रीवर्धनला खोली घेऊन राहतात. बाप परदेशात कामाला आणि पोर अजून बोलत न्हाय, अशी बारा घरं त्यांनी शोधलीत. त्यांच्यावर अभ्यास करतात. त्यातलं एक आमचं. सादियाला दोन वर्षं आठ महिने झाले. एक शब्द बोलत न्हाय. मां न्हाय, अब्बा न्हाय, पानी न्हाय. शारिक कुवेतला हाय. घरात मी, माझी सासू अम्मी, आणि तबरेज.

मॅडम म्हणाल्या, रोज लिही. घरात कोण किती बोललं, फोन कधी आला, सादियानं काय आवाज काढला. मला भीती वाटते ते कुठं लिहायचं, ते त्यांनी सांगितलं न्हाय. म्हणून इथं लिहिते. मला भीती वाटते.

१३ डिसेंबर

आज काय झालं न्हाय. अम्मी भातावरनं रुसली, दिवसभर तोंड फिरवून बसली. पक्क्या वहीत लिहिलं, आज घरात कोणाशी बोलले न्हाय.

दुपारी सादियाला घेऊन शेजारच्या ठमाबाईच्या अंगणात सुपारी सोलायला गेले. सोलता सोलता तिला सांगत होते, ही बघ मोठी, ही किडकी, ही तुझ्या अब्बाच्या डोक्यासारखी. ठमाबाई म्हणाली, "काय गो, रेडिओ गिळलास काय?" ते काय लिहायचं. पोराशी तर चालूच असतं.

मशीद आमच्या घराला लागून. पहाटेच्या अजानला गल्लीतली सगळी तान्ही पोरं रडत उठतात. माझी हलत पण न्हाय. या एका बाबतीत मला बाया नशीबवान म्हणतात.

१८ डिसेंबर

मॅडम आज पक्की वही बघायला ठमाबाईच्या अंगणात आल्या. आम्ही सहा-सात जणी तिथं सुपारी सोलतो आणि ढीग लावतो. मोठी, मधली, बारीक, आणि फुटकी-किडकी वेगळी. मॅडम गोणीवर बसल्या. मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही सारखं थिअरी थिअरी म्हणता, ती काय असते?"

त्यांनी एक सुपारी उचलली. "तुम्ही करता तेच. बारा घरांतलं बोलणं, वह्या, सगळं मी चिठ्ठ्यांवर उतरवते. सारखं दिसेल ते एका जागी ठेवते, ढिगाला नाव देते. मग विचार करते, हे सगळं असं एकत्र का आलं असेल? त्याचं जे उत्तर सुचतं ती थिअरी."

"म्हणजे अंदाज!" ठमाबाई म्हणाली. "अहो तो आम्ही पण बांधतो. आम्हाला कोण मॅडम म्हणत न्हाय."

सगळ्या हसल्या. मॅडम पण हसल्या. "अंदाजच. पण बांधून गप्प बसायचं नाही. तो धरून पुढच्या घरात जायचं, आणि तो खोटा पडेल अशी गोष्ट मुद्दाम शोधायची. माझे सर हेच सांगतात. शोधूनही सापडली नाही, तर अंदाज खरा धरायचा. तोही तेवढ्यापुरता."

"आणि सापडली तर?"

"तर मी आणखी दोन वर्षं श्रीवर्धनात. घरमालकीण खूश." मग हळू म्हणाल्या, "खरं सांगू आतिफा, आपणच बांधलेला मोडायला जीव होत नाही."

त्यांचा अंदाज काय ते विचारलं, तर सांगेनात. म्हणाल्या, सांगितलं तर तू तसंच लिहिशील. मी मागं लागले. माझ्या पोरीचं हाय, मला कळायला पाहिजे. शेवटी म्हणाल्या, "बाप लांब गेला की घर गप्प होतं. बाई आतल्या आत राहते. मुलाच्या कानावर शब्दच पडत नाहीत. मग ते बोलणार कुठून?"

मॅडम गेल्या. ठमाबाई म्हणाली, "जीभ जड असंल. वेखंड उगाळून लाव." मी काय ऐकत नव्हते. माझ्या हातानं दोन ढीग एकात एक झाले, परत निवडत बसले.

२४ डिसेंबर

श्रीवर्धनला बाजाराला गेले होते, मॅडमच्या खोलीवर गेले. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या. एका ढिगावर लिहिलंय, गप्प घरं. त्यात माझं नाव दिसलं. आतिफा, आज घरात कोणाशी बोलले न्हाय. माझंच वाक्य, 'नाही'च्या जागी माझ्यासारखंच 'न्हाय' लिहिलेलं.

ते वाचून मला असं झालं की हे खरंच असणार. एवढी शिकलेली बाई, भिंतीवर लावलंय. सुपारी सोलताना बोलते ते सांगावं असं तोंडावर आलं, पण वाटलं, आता सांगितलं तर वाटेल हिला दोष अंगावर घ्यायचा न्हाय.

मॅडमनी चहा दिला. म्हणाल्या, आजपासून रोज दोन तास मुद्दाम तिच्याशी बोल. आपण बघू काय फरक पडतो.

सादिया त्यांच्या पंख्याकडं बघत बसली होती. खाली लग्नाचा डीजे आला, मॅडमनी कानावर हात ठेवले, खिडकी लावली. सादिया पंख्याकडंच बघत होती. मॅडम म्हणाल्या, "किती एकाग्र आहे गं ही." त्याचा अर्थ मी विचारला. चांगलं हाय म्हणाल्या.

२ जानेवारी

दोन तास कशाला, सकाळी उठल्यापासनं बोलते. गळा बसला. मासळी साफ करताना माशाची नावं, कपडे धुताना कपड्यांची नावं. गाणी म्हणते. गाणं म्हटलं की सादिया जवळ येते, माझ्या गळ्यावर बोटं ठेवते आणि हसते. तेवढं तिला आवडतं. बोटं काढली की परत खेळायला जाते.

आता ज्याचा त्याचा अंदाज सुरू झालाय. अम्मी म्हणते, "शारिक पण चार वर्षाचा होऊन बोलला. बापावर गेली." तबरेज म्हणतो मोबाईलमुळं. माझी आई आगरदांड्यावरनं फोन करून म्हणते नजर लागली. शारिक म्हणतो, "दिवसभर घरात करतेस काय तू? एक शब्द शिकवता येत न्हाय?" तो फोन तिच्या कानाला लावायला सांगतो, एवढ्या मायेनं बोलतो तिच्याशी. ती फोन हातात घेते आणि काचेवर त्याला शोधते.

माझा स्वतःचा पण एक अंदाज हाय, तो कोणाला सांगितला न्हाय. नऊ महिन्यांची असताना तिला मोठा ताप आला होता. आकडी आली होती. आठ दिवस दवाखान्यात काढले. त्याच्या आधी ती बाबाबा करायची, मला आठवतं. नंतर बंद झालं. ताप आला त्या दिवशी मी तिला वाऱ्यात घेऊन लग्नाला गेले होते. म्हणजे कुठूनही बघितलं तरी येऊन माझ्यावरच थांबतं.

९ जानेवारी

फरक न्हाय.

१४ जानेवारी

मॅडम आल्या. वही बघितली. रोज फरक न्हाय, फरक न्हाय, फरक न्हाय. त्यांचा चेहरा पडला. मला म्हणाल्या, "वेळ लागतो, तू वाईट वाटून घेऊ नकोस." पण मला दिसलं ना. फेब्रुवारीत त्यांना मुंबईला मोठ्या लोकांपुढं हे सगळं मांडायचंय.

मी म्हणाले, "मॅडम, काल बोलली. लिहायचं राहिलं. पानी म्हणाली."

कसं निघालं तोंडातनं, मला कळलं न्हाय. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. "पाणी मागितलं? मग दिलंस?" मी म्हणाले, दिलं. "आणि परत म्हणाली?" मी म्हणाले, एकदाच.

त्यांच्यासमोर पक्क्या वहीत लिहिलं. सादिया पानी म्हणाली. त्याच्यापुढं तारीख घातली.

१५ जानेवारी

खोटं असं पसरतं! मॅडमनी जाताना अम्मीला सांगितलं. अम्मीनं सकाळी शिरा केला, गल्लीत वाटला. मशिदीत दुआ मागितली. तबरेजनं शारिकला मेसेज टाकला. शारिकचा फोन आला, "माझ्या बछड्याला म्हणायला लाव ना गं." मी म्हणाले, झोपलीय. ती माझ्या मांडीवर डोळे टक्क उघडे ठेवून बसली होती.

अम्मी तिच्यासमोर पेला धरून बसली. "पानी बोल. पानी. बोल ना बेटा." सादियानं पेला घेतला, प्याली, रिकामा परत दिला.

अम्मी माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्यापुढंच बोलते वाटतं."

२६ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते. 

चार दिवस माहेरी होते, आज आगरदांड्यावरनं फेरीबोटीनं दिघीला उतरले. सुट्टीचा दिवस, मुंबईच्या गाड्याच गाड्या. मी पिशवी उचलायला वाकले तेवढ्यात सादिया माझा हात सोडून एका मांजरामागं गेली आणि रस्त्यात उकिडवी बसली. तिच्या पाठीमागनं टेम्पो रिव्हर्स येत होता. हॉर्न दाबून धरलेला. क्लीनर ओरडत होता. बोटीवरचे खलाशी ओरडत होते. मी ओरडले. माझ्या नरड्यातनं असा आवाज आधी कधी आला नव्हता.

सगळी जेटी वळून बघायला लागली. सादिया वळली न्हाय. मांजराच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

एका कोळणीनं तिला दंडाला धरून ओढलं. टेम्पो तिथंच थांबला, वीतभर लांब. ड्रायव्हर खाली उतरला. त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाला, "बाई, बहिरी हाय काय पोरगी तुमची? कवापासनं हॉर्न मारतोय!"

मी त्याला शिव्या दिल्या. लोक म्हणाले, जाऊ द्या, घाबरलीय. घरी येईपर्यंत मिनीडोर रिक्षात तिला मांडीवर घट्ट धरून बसले. तो शब्द माझ्याबरोबर बसला होता.

२७ जानेवारी

मॅडम म्हणाल्या होत्या, अंदाज मोडेल ती गोष्ट शोध. मला ड्रायव्हरचा अंदाज मोडायचा होता.

सादिया ओट्यावर वाट्या घेऊन खेळत होती. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. हातात स्टीलचं ताट आणि पळी. एकदा वाजवलं. वळली न्हाय. आणखी जोरात. न्हाय. तिसऱ्यांदा वळली! मी ताट टाकून तिला उचललं, मुके घेतले. मग बघितलं, ऊन माझ्या पाठीमागनं येत होतं, हात वर केला तेव्हा माझी सावली तिच्या वाट्यांवर पडली होती. ती सावलीला वळली. तर हे धरायचं न्हाय.

दुपारी अम्मी मसाला कुटायला बसली. पहिला घाव पडला तशी सादिया गर्रकन वळली, हसत तिच्याकडं धावली. अम्मी म्हणाली, "बघ. कोण म्हणतं ऐकत न्हाय? माझ्या मुसळाचा आवाज ओळखते ती, मागं पण सांगितलं होतं तुला."

मी भिंतीला टेकून खाली बसले. अल्लाचे किती उपकार मानू. ऐकते. ऐकते माझी पोर.

२९ जानेवारी

काल दिवसभर बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं न्हाय. ताटाला वळत न्हाय, मुसळाला वळते. दोन्ही खरं कसं? ताट तर जास्त जोरात वाजतं. मी सुपारी सोलत तेच उगाळत बसले. दोन्हीत वेगळं काय हाय? मुसळ जमिनीवर आपटतं. ताट माझ्या हातात, हवेत.

म्हणून आज अम्मीला म्हणाले, परत मसाला कुटा. "परवाचाच संपला न्हाय!" मी म्हणाले, नुसतं मुसळ आपटा. मग सादियाला झोपाळ्यावर बसवलं, पाय लोंबते, तोंड भिंतीकडं. अम्मीनं मुसळ मारलं. न्हाय वळली. दहा वेळा मारलं. न्हाय. खाली जमिनीवर बसवलं. पहिल्याच घावाला वळली. मग गादी घालून गादीवर बसवलं. न्हाय.

परत पहिल्यापासनं केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा केलं, कारण मला ते खोटं यावं असं वाटत होतं. तेच आलं.

ती जमिनीतनं ऐकते. अंगानं. जसं माझ्या गळ्यावर बोटं ठेवते.

 अम्मीनं मुसळ बाजूला ठेवलं. उठून सादियाच्या मागं गेली आणि हाक मारली, "सादिया." मग मोठ्यानं. मग एवढ्या मोठ्यानं की गल्लीतल्या बाया दारात आल्या. मग तिचा आवाज फाटला. सादिया गादीचा दोरा ओढत बसली होती.

अम्मीनं मला विचारलं, "मग पानी कशी म्हणाली?"

मी सांगितलं. खोटं होतं म्हणून. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, "मी शिरा वाटला गं सगळ्यांना." एवढंच.

३ फेब्रुवारी

पाच दिवस लागले मला मॅडमच्या खोलीवर जायला. त्या मुंबईला जायची तयारी करत होत्या. भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढून मोठ्या कागदावर लावल्या होत्या. माझ्या नावाची नवीन चिठ्ठी लाल शाईत. आतिफा, बोलणं वाढवल्यावर पहिला शब्द. तिच्याभोवती गोल केलेला.

मी उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, पानी म्हणाली न्हाय ती. मी खोटं सांगितलं."

त्या आधी हसल्या. मग बसल्या. "हे तू मला आत्ता सांगतेस? परवा मला तिथं उभं राहायचंय."

"तुम्हाला बरं वाटलं होतं ना त्या दिवशी."

"मला बरं वाटावं म्हणून तू लिहिणार?" त्या ओरडल्या. पहिल्यांदाच ओरडल्या माझ्यावर. सादिया माझ्या पदराशी खेळत होती. मॅडमनी तिच्याकडं बघितलं. तिनं मान पण वर केली न्हाय. मी ही कच्ची वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पहिल्या पानापासनं वाचली. मधेच थांबून मोठ्यानं वाचायच्या. "अजानला हलत पण नाही... सुपारी सोलता सोलता तिला सांगत होते... आतिफा, हे पक्क्या वहीत का नाही उतरवलंस?"

"तुम्ही बोलण्याचं विचारलं होतं. झोपेचं कुठं विचारलं?"

त्यांनी वही मांडीवर ठेवली. "डीजे वाजत होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "माझ्या समोर बसली होती ही. मी एकाग्र म्हणाले." मग त्यांनी त्या मोठ्या कागदाकडं बोट केलं. "मी गप्प घर शोधायला आले होते, म्हणून मला गप्प घर दिसलं. कान तपासलेत का, हा प्रश्न माझ्या यादीत आहे. तेरावा. तू तेव्हा काय सांगितलं होतंस?"

"अम्मी म्हणाली होती, मुसळाला वळते. तेच सांगितलं."

"आणि मी बरोबरची खूण केली."

त्यांनी माझी लाल चिठ्ठी काढली. फाडली न्हाय. मागच्या बाजूला खोटं कसं झालं ते लिहिलं, तारीख घातली आणि पिशवीत ठेवली. मग फोन लावायला लागल्या, कानाच्या डॉक्टरची वेळ घ्यायला. दोन ठिकाणी न्हाय म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी त्या अशा भांडल्या की ठमाबाईला पण जमलं नसतं.

१० फेब्रुवारी

मुंबईला जाऊन आले. मॅडम बरोबर होत्या, अम्मी पण आली. सादियाला गोड औषध देऊन झोपवलं आणि डोक्याला वायरी लावल्या. आत आवाज सोडतात आणि डोक्यापर्यंत पोचतो का ते मशीन बघतं. आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता. मला वाटत होतं आपण जाऊन ताट वाजवावं.

दोन्ही कान गेलेत. अगदी मोठा आवाज थोडा पोचतो, बाकी न्हाय. डॉक्टरनं तापाचं विचारलं. मी सांगितलं, आणि वाऱ्यातल्या लग्नाचं पण सांगितलं. ते म्हणाले, वाऱ्यानं काही झालेलं नाही, तो मेंदूचा ताप होता, त्यातनं पोर वाचलं हेच मोठं. मी तीन वेळा विचारलं. तीन वेळा तेच म्हणाले.

आता कानाचं मशीन, शिकवणी, आणि त्यानं भागलं न्हाय तर ऑपरेशन. वेळ गेलेली नाही म्हणाले, पण आणखी घालवू नका. मग विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" मी झोपाळा, गादी, मुसळ सगळं सांगितलं. ते लिहायचे थांबून ऐकत राहिले. अम्मी मधेच म्हणाली, "सावलीचं पण सांग."

शारिकला फोनवर सांगितलं. तो रागवेल म्हणून मी तयारीत होते.  तो म्हणाला, "मी एवढं बोलायचो तिच्याशी. ते कोणाशी बोलत होतो मी?"

१७ फेब्रुवारी

मॅडमनी मुंबईला त्यांचा कागद वाचला न्हाय. सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, आता खरा अभ्यास सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, मला ते ऐकून रडायला आलं, सरांना वाटलं आनंदानं.

बाकीच्या अकरा पोरांचे कान डॉक्टरकडनं तपासायचे ठरलंय. पण आधी घरी जाऊन बघायचं, आयांना समजवायचं. मॅडम म्हणाल्या, तू ये बरोबर, तुझं ऐकतील.

आज म्हसळ्याला कल्पिताच्या घरी गेलो. तिचा नवरा जहाजावर असतो. पोरगा कान्हा, तीन वर्षांचा, बोलत न्हाय. कल्पितानं आम्हाला दारातच अडवलं. "आधी म्हणालात मी बोलत नाही म्हणून. आता म्हणता पोरगा बहिरा. पुढच्या महिन्यात काय काढणार?"

 मी म्हणाले, "ताई, मी पण भिंतीवर होते. गप्प घर म्हणून. दोन मिनिटं बघू दे, मग हाकलून दे."

कान्हाला पलंगावर गादीवर बसवलं, हातात गाडी. ऊन कुठनं येतंय ते मी बघून घेतलं. ताट घेऊन त्याच्या मागं उभी राहिले. आणि त्या वेळी जे मनात आलं ते लिहायलाच पाहिजे, कारण न लिहून आणि खोटं लिहून काय होतं ते मी बघितलंय. मला वाटलं, हा वळू नये. दुसरीच्या पोराबद्दल मला असं वाटलं. सादिया एकटी पडू नये म्हणून वाटलं का मी एकटी पडू नये म्हणून, ते मला सांगता येत न्हाय.

मी वाजवलं. न्हाय वळला. कल्पिता पदर तोंडात धरून बघत होती. परत वाजवलं. न्हाय. माझ्या अंगातनं गरम काहीतरी गेलं. मग मॅडम म्हणाल्या, "आतिफा, ताट इकडं दे." त्यांनी वाजवलं तसा कान्हा झटकन वळला, आणि खेळ मोडला म्हणून रागानं गाडी फेकली.

"ऐकतो माझा!" कल्पिता म्हणाली आणि ढसाढसा रडली. म्हणजे या घरात मॅडमचा पहिला अंदाज खरा असेल, न्हायतर तिसरंच काहीतरी असेल. मॅडमनी लिहून घेतलं. डॉक्टरकडं तरी न्यायचंच, असं कल्पितानं कबूल केलं.

 ही वही आता मॅडम वाचतात, तेव्हा हे पण वाचतील. वाचू दे. मी त्या घरात ताट मुद्दाम हळू वाजवलं का, हे मला खरंच ठाऊक न्हाय. जोरात वाजवलं असंच मला वाटत होतं.

अजून दहा घरं राहिलीत. मी सगळीकडं जाणार, आयांशी बोलणार, ऊन बघणार, गादी घालणार. ताट मात्र मॅडमनीच वाजवायचं. माझ्या हातानं ते हळू वाजतं.